अडलेली कळ

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना नीरेच्या अलीकडे सारोळें लागतें. तेथें आमच्या घरीं साऱ्यांत मिळून एकच लॅपटॉप आहे. श्रावणांतील एका संध्याकाळीं त्याची इंग्रजी ‘डी’ची कळ अडली. १९९१ सालच्या भारतीय मानकांतील इन्स्क्रिप्ट मांडणींत हीच कळ अक्षराचा पाय मोडते. तिच्यावांचून ‘विद्या’ची ‘विदया’ होते! आणि पुतणीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच रात्रीं संपत होती.

पडद्यावरील कळफलक उघडून, माऊसनें एकेक अक्षर टिपून आम्हीं आधीं अर्ज पाठविला. मग यंत्र बंद केलें, चार्जर काढला आणि तें उलटें धरून मऊ कुंचल्यानें कडा झाडल्या. तरी कळ चिकटतच राहिली. कोणी सुरी आणली. ती आम्हीं परत पाठविली. कळीखालीं रबराची घुमटी व प्लास्टिकची नाजूक बिजागरी असते. ती मोडली तर कळ पुन्हां नीट बसत नाहीं. आयसोप्रोपिल अल्कोहोलानें किंचित ओलावलेला कापूस कडेनें फिरवून कळ वारंवार दाबली, तेव्हां ती मोकळी झाली.

कापसावरील चहाचा डाग पाहून धाकटा रडकुंडीस आला. दोन दिवसांपूर्वीं पेला त्याच्याच हातून कलंडला होता. बोलणीं बसतील या भयानें त्यानें वरवर पुसून ठेविलें होतें. त्याच क्षणीं यंत्र बंद करून उपडें ठेविलें असतें, तर साखर बहुधा आंत वाळून बसली नसती.

आम्हीं त्यास रागावलों नाहीं; मुलाची ती भीति ही आमचीच कमाई होती. सांडलेलें तत्काळ सांगण्याचें धैर्य ज्या घरांतील मुलांस असतें, त्या घरचीं यंत्रेंही अधिक टिकतात.