अर्धा दुवा दुकानाचा, अर्धा गिऱ्हाइकाचा

सुरतेचा रिंग रोडवरील कापडबाजार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. घरी बसून मोबाइलवर साड्यांची मागणी नोंदविणे हेही आता नवलाचे राहिलेले नाही. बोटाचा स्पर्श होताच एक दुवा मागणी घेऊन निघतो. हा दुवा कोण लिहितो, असे विचारल्यास बहुतेक जण 'दुकानदार' असे म्हणतील. वस्तुतः तो दोघे मिळून लिहितात.

लग्नपत्रिकेचे उदाहरण घेऊ. वधूवरांची नावे, मुहूर्त व स्थळ छापखान्यात छापले जाते. पाकिटावरील नाव मात्र घरी हाताने लिहावे लागते. कारण कोणती पत्रिका कोणाकडे जाणार हे छापखान्यास ठाऊक नसते. जालावरील दुव्याचेही तसेच आहे. पान तयार करून पाठविणारा दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, हा छापखाना होय; आणि ते पान आपल्या मोबाइलवर दाखविणारा ब्राउझर हे घर होय.

बीजगणितातील चल आपणांस परिचित आहेत. दुव्यातही चल असतात. समजण्यासाठी एक दुवा मराठीत लिहू:

विक्री?माल=२७&नग=५

प्रश्नचिन्हापूर्वी पत्ता व त्यानंतर तपशील येतो. बरोबरीचे चिन्ह चलाचे नाव व त्याची किंमत जोडते, आणि '&' हे चिन्ह दोन चलांना वेगळे करते. साडीचा क्रमांक २७ सर्व्हरच्या नोंदीत असतो. नग किती हवेत हे मात्र गिऱ्हाईक पान उघडल्यावरच ठरविते, आणि तोपर्यंत ते पान पाठवून सर्व्हर मोकळा झालेला असतो. नवशिके नेमके येथेच चुकतात. जी गोष्ट अजून घडलेलीच नाही ती सर्व्हरने आधी लिहावी, अशी अपेक्षा ते करतात. योग्य रीत अशी की, सर्व्हरने 'विक्री?माल=२७&नग=' एवढेच लिहून पाठवावे आणि उरलेला ५ हा आकडा ब्राउझरमधील जावास्क्रिप्टने चौकटीतून वाचून शेवटी जोडावा. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली रचली.

जोडताना एक दक्षता घ्यावी लागते. मालाचे नावच 'साडी & ब्लाउज' असेल, तर ते चिन्ह पाहून सर्व्हरला नवा चल सुरू झाला असे वाटेल. म्हणून किमतीतील अशा चिन्हाचे सांकेतिक रूप, म्हणजे %२६, लिहितात. देवनागरी अक्षरांनाही हाच नियम आहे. 'सुरत' या शब्दात स, उकार, र व त अशी चार चिन्हे आहेत. प्रत्येकास तीन बाइट लागतात. त्यामुळे दुव्यात या लहानशा शब्दाचे बारा गट होतात!

आता खरा महत्त्वाचा मुद्दा. जो भाग गिऱ्हाइकाच्या हाती आहे तो बदलता येतो. साडीचा दर दुव्यात लिहिला, तर एखादा लबाड मनुष्य ९०० च्या जागी ९ लिहील. म्हणून दर सर्व्हरने आपल्याच नोंदीतून घ्यावा, आणि नग हा धन पूर्णांक आहे की नाही हेही स्वतः तपासावे. आलेल्या पाहुण्याचे स्वागत करावे, परंतु तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देऊ नये.

ही विभागणी आपण रोज पाहतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत दुकानात टांगलेली चौकोनी नक्षी हा एक दुवाच असतो. त्यात दुकानदाराचा देयक-पत्ता व नाव आधीच असते. रक्कम बहुधा गिऱ्हाईक भरते. काही ठिकाणी यंत्र प्रत्येक खरेदीस नवी नक्षी दाखविते; तेव्हा रक्कमही दुकानाकडूनच येते. परंतु मूळ नक्षीवर कोणी दुसरी चिकटविली असेल, तर पैसे भलत्याच्याच खात्यात जातील. म्हणून पिन देण्यापूर्वी पडद्यावरील नाव व रक्कम दोन्ही वाचावी. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, हेही घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे.

दुव्याचा कोणता भाग कोणी लिहिला, हे ज्यास कळले तो सहसा फसत नाही. पुढच्या वेळी दुव्यावर बोट ठेवण्यापूर्वी आपण हा प्रश्न स्वतःस अवश्य विचारू या.