पाण्यातील प्रतिजैविकांचे अवशेष आणि वनस्पतिजन्य अधिशोषके

प्रस्तावना :
सेवन केलेल्या प्रतिजैविकांचा काही भाग शरीरात न वापरला जाता मलमूत्रावाटे सांडपाण्यात मिसळतो. औषधनिर्मिती उद्योगांच्या सांडपाण्यामुळे त्यात मोठी भर पडते. हैदराबादजवळील पटनचेरू येथे सुमारे ९० औषध उत्पादकांचे सांडपाणी स्वीकारणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील प्रमाणापेक्षाही हे अधिक होते. अशा पाण्यात दुर्बल जिवाणू नष्ट होतात, तर प्रतिरोधी जिवाणूंना वाढीस वाव मिळतो. प्रस्तुत लेखात वनस्पतिजन्य पदार्थांच्या साहाय्याने हे अवशेष दूर करण्याचे तत्त्व व त्याच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

अधिशोषणाचे तत्त्व :
द्रवात विरघळलेले रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरून ठेवले जाणे म्हणजे अधिशोषण होय. नारळाची करवंटी, भाताचे तूस, उसाचे चिपाड, शेंगदाण्याची टरफले यांत सेल्युलोज व लिग्निन असते. हे पदार्थ अपुऱ्या हवेत तापवून, वाफेने किंवा फॉस्फरिक आम्लाने प्रक्रिया केल्यास सच्छिद्र सक्रियित कोळसा तयार होतो. उत्तम प्रतीच्या अशा एक ग्रॅम कोळशाचे पृष्ठफळ १००० चौरस मीटरच्या आसपास असू शकते. प्रतिजैविकांचे रेणू या छिद्रांत शिरतात आणि हायड्रोजन बंध, विद्युत आकर्षण तसेच वलयांमधील परस्परक्रिया यांमुळे तेथे टिकून राहतात.

पाण्याचा सामूही येथे महत्त्वाचा ठरतो. उदासीन सामूला सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूवर धन व ऋण असे दोन्ही प्रभार असतात. सामू बदलताच रेणूचा प्रभार बदलतो व अधिशोषणाची क्षमताही बदलते.

शेवग्याच्या बियांचा उल्लेख या संदर्भात वारंवार होतो. त्यांतील धनप्रभारित प्रथिने गढूळपणा निर्माण करणाऱ्या ऋणप्रभारित कणांना एकत्र आणून तळाशी बसवितात. मात्र पाणी नितळ दिसले म्हणजे त्यात विरघळलेले औषध निघून गेले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

टक्केवारीचा अर्थ :
प्रयोगशाळेत '९९ टक्के निष्कासन' ही संख्या समाधानकारक वाटते. परंतु ३१ मिलिग्रॅममधून ९९ टक्के वजा केल्यावरही ३१० मायक्रोग्रॅम शिल्लक राहतात. सिप्रोफ्लॉक्सासिनबाबत प्रतिरोधी जिवाणूंची निवड टाळण्यासाठी २०१६ मध्ये सुचविण्यात आलेली मर्यादा दर लिटरला ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजेच उरलेले प्रमाण या मर्यादेच्या सुमारे ४,८०० पट ठरते. शिवाय अनेक प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात केले जातात. प्रत्यक्ष सांडपाण्यातील क्षार व सेंद्रिय द्रव्ये अधिशोषकाच्या त्याच जागांसाठी स्पर्धा करतात.

समारोप :
अधिशोषणाने औषध नष्ट होत नाही, ते केवळ पाण्यातून कोळशावर जाते. म्हणून वापरलेला कोळसा शेतात वा उकिरड्यावर न टाकता उच्च तापमानाला जाळणे अथवा पुनरुज्जीवित करणे आवश्यक आहे. शेतीतील टाकाऊ पदार्थ स्वस्त व सहज उपलब्ध असल्याने अंतिम टप्प्यातील शुद्धीकरणासाठी ते निश्चितच उपयुक्त आहेत. तथापि ते उगमस्थानी नियंत्रणाला पर्याय ठरू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रतिजैविक उत्पादनातील सांडपाण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांमागील भूमिकाही प्रदूषण उगमापाशीच रोखण्याची आहे. यापुढील संशोधनाने केवळ 'किती काढले' हे न सांगता 'किती उरले' हेही नोंदविणे अगत्याचे आहे.