धाटावच्या पलीकडचं रान

धाटाव म्हटलं की रसायनांचे कारखाने, धुरांडी आणि पाळी सुटल्यावर रोहा–कोलाड रस्त्यावर उडणारी झुंबड डोळ्यांपुढे येते. मुंबईकर या रस्त्याने जातो तो कोलाडच्या राफ्टिंगसाठी, नाहीतर पुढे मुरूडच्या समुद्राकडे. रोह्याच्या उत्तरेला झाडीत बुडालेल्या डोंगराकडे बघायला कुणाला सवड नसते. तो डोंगर म्हणजे अवचितगड. उंची जेमतेम हजार फूट, त्यामुळे शिखरं मोजणाऱ्या भटक्यांच्या यादीतही तो खालीच राहतो. माझ्या मते मुंबईपासून दिवसाभरात जाऊन येण्याजोग्या रानवाटांत याच्या तोडीच्या वाटा थोड्याच आहेत.

गडावर मुख्यतः तीन वाटा जातात: मेढ्याहून, पिंगळसईहून आणि पडमहून. मेढ्याची वाट तासाभराची. पिंगळसईची थोडी लांब, पण रानाची खरी ओळख करून देणारी. भातखाचरं मागे पडली की सावली सुरू होते. ऐन, किंजळ, साग, मधे करवंदीच्या जाळ्या आणि झाडांवर चढलेल्या जाडजूड वेली. तांबटाची टुकटुक बराच वेळ सोबत करते; पक्षी मात्र सहज दिसत नाही. सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर चढताना पाठ उन्हात भाजते. इथे आकाश तुकड्यातुकड्यांनीच दिसतं.

याच दाटीत चुकायलाही होतं. गुरांच्या पायांनी पडलेल्या ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या असतात आणि चालता चालता भलत्याच जाळीत नेऊन सोडतात. म्हणून खालच्या गावातला माहीतगार सोबत हवाच.

झाडीतून एकदम बांधीव दरवाजा समोर येतो. त्यावर शरभाचं शिल्प आहे. आत कातळात खोदलेली पाण्याची टाकी, बारा कोनांचा बांधीव तलाव, महादेवाचं स्थान, तटाशी पडलेल्या तोफा. दक्षिणेकडच्या बुरुजावरचा शिलालेख मात्र निवांत वाचावा. त्यात शके १७१८, नल संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा अशी तिथी कोरली आहे, म्हणजे १७९६चा गुढीपाडवा. सवाई माधवरावांच्या मृत्यूला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. पुण्यात गादीचा घोळ चालू असताना कोकणातल्या या आडरानात कुणीतरी पाडव्याचा मुहूर्त दगडावर नोंदवत होतं.

बुरुजावरून खाली कुंडलिकेचं खोरं दिसतं. उन्हाळ्यातही ही नदी वाहती असते, त्याचं कारण घाटमाथ्यावर आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या टाटा वीजकेंद्रात उतरतं आणि वीज करून कुंडलिकेत येतं. हे केंद्र १९२७ पासूनचं. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह उभा केला, त्याचंच हे पाणी. राफ्टिंगच्या होड्या त्यावर तरंगतात, धाटावचे कारखानेही याच नदीकाठी उभे राहिले. मावळातल्या शेतकऱ्यांच्या बुडालेल्या जमिनींची किंमत या खोऱ्याच्या भरभराटीत मोजलेली आहे, हे इथे उभं राहून आठवायलाच हवं.

ज्यांना रानाची ओढ लागेल त्यांनी पश्चिमेला फणसाड अभयारण्यातही जावं. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं राखीव रान १९८६ साली अभयारण्य झालं. तिथल्या बारमाही पाणवठ्यांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात. राज्यप्राणी शेकरू तिथे आहे. पण फणसाडला निदान नाव आहे, वनखात्याची राखण आहे. अवचितगडाच्या वाटांवर पावलं कमी पडतात, आणि बुरुजांच्या सांध्यांत मुळं रुतत चालली आहेत.

दिवाळीनंतर गवत वाळू लागलं की फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. पावसात दगड निसरडे होतात. दिव्याहून रोह्याला गाडी आहे; पुढे रिक्षा मिळते. सोबत भरपूर पाणी घ्या, झाडांवर रंगाचे बाण काढू नका, प्लास्टिक परत आणा. आणि वाट दाखवायला गावातला जो कुणी येईल, त्याला त्याच्या दिवसाची मजुरी पुरेपूर द्या.