वीज गाळण्याचा मामला : भद्रावती ते पांढरकवडा

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरील पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण कापसाच्या बाजारपेठेमुळे सर्वपरिचित आहे. परंतु या मुलखात छपरांवर आणि पडीक जमिनींवर जे सौर पॅनेल आता दिसू लागले आहेत, त्यांची वीज महावितरणच्या तारांत शिरण्यापूर्वी कोणत्या संस्कारांतून जाते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखली, तेव्हा पथदर्शी प्रकल्पांसाठी निवडलेल्या दोन गावांपैकी एक नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी होते आणि दुसरे आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी. तेव्हा हा विषय आपल्या दारचा आहे आणि त्याचा साकल्याने विचार होणे अगत्याचे आहे.

पॅनेलमधून निघणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. तारांतला प्रवाह मात्र सेकंदाला पन्नास आवर्तने घेतो. या दोहोंचा मेळ घालणारे इन्व्हर्टर नावाचे यंत्र अर्धवाहकाच्या कळा सेकंदाला दहा-वीस हजार वेळा उघडमीट करून विजेचे लहानमोठे तुकडे पाडते. त्या तुकड्यांची सरासरी अपेक्षित तरंगासारखी असली, तरी उघडमिटीचा अवशेष तिच्यात राहतोच आणि तो तसाच तारेत सोडला तर ट्रान्स्फॉर्मर तापतात, मोटारी कुरकुरतात आणि मीटरांच्या नोंदींविषयी शंका उत्पन्न होते. म्हणून यंत्र आणि तार यांच्यामध्ये गाळणी बसवितात. तिच्यात तांब्याची वेटोळी आणि कपॅसिटर यांखेरीज फारसे काही नसते. तिला बाहेरची शक्ती लागत नाही, की कोणाचा हुकूम लागत नाही. वेटोळे प्रवाहातील आकस्मिक बदलाला विरोध करते आणि कपॅसिटर द्रुत कंपनांना परस्पर परतीची वाट देतो, या दोनच गुणांवर सारी रचना उभी आहे. अमेरिकेत कॅम्बेल आणि जर्मनीत वाग्नर यांनी १९१५ च्या सुमारास दूरध्वनीच्या तारांसाठी अशा गाळण्यांचा शास्त्रीय पाया परस्परांपासून स्वतंत्रपणे घातला.

या विद्येचे भव्य रूप पाहण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे १९९७-९८ च्या सुमारास पश्चिम आणि दक्षिण या दोन वीजजालांना जोडणारे, प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या दोन विभागांचे परिवर्तन केंद्र उभे राहिले. ही दोन जाले त्या काळी एका तालावर चालत नव्हती. दक्षिणेचे जाल उर्वरित देशाशी एकतालात आले ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी. भद्रावतीच्या केंद्रापाठोपाठ १९९९ साली चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटर लांबीची, १५०० मेगावॉट वाहून नेणारी दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, प्रवाहाची वाहिनी सुरू झाली. अशा केंद्रांत बारा स्पंदांची परिवर्तके असतात आणि त्यांच्या प्रवाहात मूळ वारंवारतेच्या अकरापट, तेरापट, तेवीसपट, पंचवीसपट अशी हार्मोनिके उमटतात. म्हणून ५५० आणि ६५० हर्ट्झ यांना नेमकी वाट करून देणाऱ्या गाळण्यांच्या रांगा तेथे उघड्या आवारात उभारतात. शिवाय हे परिवर्तक जेवढी वीज वाहतात, तिच्या सुमारे निम्म्याने, प्रत्यक्ष काम न करता नुसती ये-जा करणारी, रिअॅक्टिव्ह पॉवर मागतात आणि ती मागणीही बव्हंशी याच गाळण्या पुरवितात.

छपरावरच्या लहान इन्व्हर्टरात मात्र निराळी रचना रूढ झाली आहे. नुसते एक वेटोळे लावले, तर वारंवारता दसपट झाल्यावर अवशेष दहाव्या हिश्श्यावर येतो. दोन वेटोळी आणि त्यांच्यामध्ये कपॅसिटर अशी योजना केली, तर तो हजाराव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे तांबे, लोखंड आणि वजन यांची मोठी बचत होते. परंतु या बचतीबरोबर अनुनादाचे संकट येते. तंबोऱ्याची एक तार छेडली असता तिच्याशी सुरात मिळविलेली दुसरी तार आपोआप झंकारू लागते, त्याप्रमाणे वेटोळी आणि कपॅसिटर यांची स्वतःची एक वारंवारता असते आणि तिच्या आसपासचे क्षुल्लक कंपनही तेथे अनावर होते. ही वारंवारता मूळ वारंवारतेच्या दसपटीहून अधिक आणि उघडमिटीच्या निम्म्याहून कमी ठेवावी, असा अभियंत्यांचा शिरस्ता आहे. लिसेरे, ब्लाबयर्ग आणि हान्सेन यांनी या शतकाच्या आरंभी मांडलेली रचनापद्धती आजही पायाभूत मानली जाते.

खरी अडचण येथून पुढे आहे. समजा, घरगुती इन्व्हर्टरात यंत्राकडे २ मिलिहेन्रीचे, तारेकडे १ मिलिहेन्रीचे वेटोळे आणि मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. शहरातील सबळ वीजपुरवठ्यावर याचा अनुनाद सुमारे १९५० हर्ट्झवर येतो. तेच यंत्र गावाच्या शेवटच्या खांबावर नेले आणि लांब तारेचे आणखी २ मिलिहेन्री त्यात मिळाले, की तो सुमारे १४५० हर्ट्झवर उतरतो. यंत्रात कणभरही बदल झालेला नसताना त्याचा स्वभाव बदलतो, कारण गाळणी म्हणजे पेटीतले वेटोळे एवढेच नव्हे. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्स्फॉर्मरपासून, घरापर्यंतची तारही तिचाच भाग होय.

यात आपल्या शेतकऱ्यांच्या पंपांचे कपॅसिटर भर घालतात. महावितरण ते बसवा म्हणून सांगते आणि ते योग्यच आहे, कारण त्यांमुळे तारेवरचा व्यर्थ भार घटतो. पण १०० केव्हीएच्या, साडेचार टक्के अवरोधाच्या डीपीवर पंधरा पंपांचे प्रत्येकी ३ केव्हीएआरचे कपॅसिटर एकदम जोडले गेले, तर त्यांचा अनुनाद जवळजवळ नेमका मूळ वारंवारतेच्या सातपटीवर, म्हणजे ३५० हर्ट्झवर येतो. आणि तारेतील नेहमीच्या अशुद्धीत सातव्या हार्मोनिकाचा वाटा बराच असतो. पंप बंद होताच हा अनुनाद सरकतो, त्यामुळे तक्रारीचे मूळ शोधणे दुष्कर होते. नेदरलँडमधील सौर वसाहतींचा अभ्यास करून एन्स्लिन आणि हेस्केस यांनी २००४ साली दाखविलेच आहे, की प्रत्येक यंत्र एकेकटे कसोटीला उतरत असूनही अनेक यंत्रे एकत्र आली असता वीजजालाशी त्यांचा अनिष्ट संयोग घडू शकतो.

उपाय नाही असे नाही. कपॅसिटरशी एक लहानसा रोध जोडला, म्हणजे अनुनादाचा उद्रेक शमतो. वरील घरगुती इन्व्हर्टरच्या उदाहरणात तो पावणेतीन ओहमच्या आसपास पुरतो. त्यात थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून उत्पादक हे शमन संगणकीय नियंत्रणाने करू पाहतात. ही बुद्धिमान योजना खरी, तथापि तिचा हिशेब तारेच्या गृहीत स्वभावावर बेतलेला असतो. ग्रामीण वाहिनीचा स्वभाव दिवसातून अनेकदा पालटतो. अशा ठिकाणी थोडा तोटा सोसूनही रोधाचीच योजना मला अधिक विश्वासार्ह वाटते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनी हार्मोनिकांसाठी आयईईई ५१९ या मानकाची मर्यादा घातली आहे आणि दिष्ट प्रवाहाचा अंश यंत्राच्या पूर्ण क्षमतेच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावा असे बजावले आहे. हे नियम उत्तमच आहेत. मात्र यंत्राची परीक्षा सामान्यतः प्रयोगशाळेच्या सबळ पुरवठ्यावर होते आणि संसार त्याला अशक्त तारेवर करावा लागतो. म्हणून सौर संच मंजूर करणाऱ्या प्रत्येक कचेरीला माझी कळकळीची विनंती आहे : वाहिनीच्या शेवटच्या खांबावर, भर दुपारी पंप चालू असताना आणि ते बंद असताना, अशी दोनदा मोजणी करावी आणि तो तपशील संचाच्या मंजुरीच्या दस्तऐवजाला जोडावा.