आवणीनंतरचे रिकामे हात आणि लाकडी गलबत

खताची मात्रा, बियाण्याची उगवण, खोडकिडा हे आपले नेहमीचे विषय. आजचा विषय जरा वेगळा आहे. लाकडाचे छोटे छोटे भाग जोडून जहाजाची हुबेहूब प्रतिकृती करण्याचा छंद. ठाणे-डोंबिवलीकडे असे जोडणीचे तयार संच मागवून जहाजे बांधणारी हौशी मंडळी आहेत. "रिकामटेकड्यांचे उद्योग, आपल्याला काय त्याचे?" असे कोणी म्हणेल. पण जरा थांबा. हा विषय आपल्याच खाडीतून निघालेला आहे.

कसब उसने आणि कसब घरचे

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठा आरमाराचा पाया याच खाडीकाठी घातला गेला. कल्याणचा दुर्गाडी किल्ला त्याची साक्ष द्यायला आजही उभा आहे. सुरुवातीच्या जहाजबांधणीत रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजाच्या हाताखालचे कारागीर होते. १६५९ मध्ये ते काम टाकून निघून गेले. आरमार मात्र अडले नाही, पुढे वाढतच गेले. यातून घेण्यासारखी गोष्ट एकच. उसने आणलेले कसब परत जाते, घरात मुरलेले कसब टिकते.

आज खाडीत फायबरच्या होड्या दिसतात. लाकडी गलबताचा कणा कसा बसवतात, फळी कशी वाकवतात, हे सांगणारी माणसे थकत चालली आहेत. ती ज्ञानाची शिदोरी नव्या मुलांच्या हाती द्यायची तर प्रतिकृतीसारखा स्वस्त आणि सोपा मार्ग नाही.

प्रतिकृती म्हणजे नुसते खेळणे, असेही समजू नका. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून भारतीय नौदलाची 'कौंडिण्य' ही शिवलेल्या फळ्यांची नौका गोव्यात बांधली गेली आणि २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. जुने नकाशे हाताशी नव्हतेच. म्हणून आधी लहान प्रतिकृती करून ती मद्रास आयआयटीत पाण्यावर तपासली. आपण नाही का, नवे वाण आधी चार गुंठ्यांत करून पाहतो? तसेच हे.

जोडणी कशी करतात?

संचात मधला कणा, त्यात बसणाऱ्या फासळ्या, फासळ्यांवर लावायच्या बारीक पट्ट्या, डोलकाठ्या, दोरा, शिडाचे कापड आणि नकाशा असतो. आधी कण्यावर फासळ्या काटकोनात बसवायच्या. इथे सूतभर चुकले तर पुढे सगळे जहाज वाकडे होते. आवणीची पहिली ओळ वाकडी गेली की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. मग पट्ट्या पाण्यात भिजवून, गरम करून वाकवायच्या आणि डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीने चिकटवायच्या. एकाच बाजूच्या पट्ट्या आधी लावल्या तर कणा पिळतो. डिंक सुकेपर्यंत पट्टी धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे उत्तम. शेवटी कानस, पॉलिश पेपर, आणि मग डोलकाठी, शीड, दोर.

प्रमाण समजून घ्या. १:१०० म्हणजे ३० मीटरचे जहाज ३० सेंटिमीटरचे होते. शाळेतले गुणोत्तर मुलांना फळ्यावर जितके कळत नाही तितके इथे कळते. पहिल्यांदा एका डोलकाठीची लहान होडीच घ्या. तीन डोलकाठ्यांच्या जहाजाला हात घालाल तर दोरांच्या गुंत्यात ते अर्धेच राहील.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे दमट हवा. भात साठवताना तुम्ही ओल बघता ना? लाकडाचेही तसेच. पावसात लाकूड फुगते. त्या वेळी पट्ट्या चिकटवल्या तर उन्हाळ्यात त्या आकसतात आणि फटी पडतात. म्हणून आवणी आटोपल्यावर, श्रावण-भाद्रपदात, नकाशा समजून घेणे आणि फासळ्या कापणे उरकावे. पट्ट्या लावायचे काम भातकापणीनंतर, कोरड्या हवेत घ्यावे.

लाकूड कुठले?

संच महाग वाटला तर हातानेही करता येते. डोलकाठीला बांबूची कामटी चालते. शिवणीचे लाकूड हलके, कापायला सोपे आणि सहसा न वाकणारे. फासळ्यांना तेच बरे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात किंवा गावच्या सुताराकडे तुकडे पडलेले असतात, तेवढे पुरतात. यासाठी झाड पाडू नका. साग, ऐन, आंबा, फणस स्वतःच्या बांधावर असला तरी तोडायला १९६४ च्या कायद्यानुसार परवानगी लागते.

आणि ही शिस्त काही नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड कसे आणावे ते सांगितले आहे. सागासारखे लाकूड परवानगीने तोडावे, कमी पडले तर विकत आणावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे वर्षानुवर्षे लेकरासारखी जपलेली असतात. झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच घ्यावे. राज्याच्या युद्धनौकेसाठी जो नियम होता, तो आपल्या हातभर गलबताला नको का?

पैशाचे काय?

स्पष्टच सांगतो. हा जोडधंदा म्हणून धरू नका. एका जहाजाला महिने लागतात, आणि तेवढ्या श्रमाचे मोल देणारे गिऱ्हाईक रोज भेटत नाही. कर्ज काढून तर मुळीच नको. कोंबडीपालन, भाजीपाला हे जोडधंदे त्यांच्या जागी आहेतच. हा छंद आहे, तो छंद म्हणूनच करावा. हाताला वळण लागते, नजर बसते, आणि घरातली मुले संध्याकाळी दोन तास मोबाईलपासून दूर राहतात. हा नफा काही थोडा नाही.

ग्रामसेवक, सरपंच आणि गुरुजींना एक विनंती. शाळेत किंवा वाचनालयात एक टेबल, दोन कानशी, एक बारीक करवत आणि गावातला एक जुना सुतार, एवढे जमवा. खाडीकाठच्या गावी होडी बांधलेला जाणता म्हातारा असेल तर त्याला मानाने बोलवा. त्याच्या तोंडचे शब्द मुलांकडून वहीत उतरवून घ्या. दिवाळीत आपल्या पोरांचे मातीचे किल्ले दारोदार होतातच. 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या एका सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबते सांगितली आहेत. आपण एका गलबतापासून सुरुवात करू. पुढच्या दिवाळीत गावातल्या एखाद्या जलदुर्गापुढे पोरांनी स्वतः बांधलेले गलबत उभे राहिले पाहिजे. लागा तर मग कामाला.