सावलीतल्या रंगाचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ह्यूकेरा लावणाऱ्याला मात्र कूळ शोधण्यावाचून गत्यंतर नाही. युरोप-अमेरिकेत ‘कोरल बेल्स’ म्हणून ओळखलं जाणारं हे बहुवर्षायू झाड सावलीतल्या बागेचा मोठा आधार आहे. त्याच्या पानांचा जमिनीलगत गोल घेर होतो. पानं जांभळी, तांबूस, पिवळसर किंवा रुपेरी झाक असलेली असतात आणि मधून निघणाऱ्या बारीक दांड्यांवर इवल्या घंटांसारखी फुलं झुलतात. न्यू जर्सीत घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या परसात मेपल किंवा ओकची दाट सावली असते आणि तिथे हिरवळ धड येत नाही. अशा जागी हे झाड शोभून दिसतं. तरीही दोन-तीन वर्षांत ते नाहीसं झाल्याची तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेकदा याचं कारण एकच असतं. घेणाऱ्याने पानाचा रंग पाहिलेला असतो, पण रोप मुळात कुठल्या डोंगरातलं, कुठल्या रानातलं, हे विचारलेलं नसतं.

तीन जाती, तीन स्वभाव

ह्यूकेराच्या सगळ्या रानटी जाती उत्तर अमेरिकेतल्या. विटेनबर्गला वैद्यकशास्त्र शिकवणारे जर्मन डॉक्टर योहान हाइन्रिश फॉन हॉइखर यांच्या सन्मानार्थ लिनिअसने हे नाव दिलं. आयुर्वेदात वापरला जाणारा हिमालयातला पाषाणभेद, म्हणजे बर्जेनिया, याच वनस्पतिकुळातला. दोघांनाही कड्याकपारीची ओढ आहे आणि दोघांचीही मुळं तुरट. अमेरिकेतले मूलनिवासी ह्यूकेराचं मूळ औषधात वापरत आले आहेत.

बागेच्या दृष्टीने तीन जाती महत्त्वाच्या. पहिली सँग्विनिया, लाल फुलांची. ती ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि उत्तर मेक्सिकोच्या डोंगरांतली. अमेरिका-मेक्सिको युद्धाच्या काळात, १८४६-४७च्या हिवाळ्यात, फ्रीडरिश विस्लिझेनुस हे डॉक्टर मेक्सिकोच्या चिवावा प्रांतात अडकून पडले होते. आसपासच्या डोंगरांतून त्यांनी वनस्पती गोळा केल्या आणि त्या संग्रहावरून गेऑर्ग एंगेलमान यांनी १८४८ साली या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं. दुसरी अमेरिकाना, पूर्वेकडच्या जंगलांतली, ठिपकेदार पानांची, थंडी सोसणारी. तिसरी विलोसा, दक्षिण ॲपलाचियन डोंगरांतल्या दमट कड्यांवरची. तिची पानं मोठी, अंगावर लव, आणि फुलं उन्हाळा सरताना येतात. उकाडा आणि दमटपणा झेलण्याची ताकद या तिसरीत आहे.

फुलांकडून पानांकडे

सुरुवातीला माळ्यांना हवी होती ती फुलं. फ्रान्समधल्या नान्सीचे व्हिक्टर लेमॉइन आणि पुढे इंग्लंडमध्ये ब्रेसिंगहॅमचे ॲलन ब्लूम यांनी सँग्विनियाचं रक्त घेऊन फुलांसाठी संकर केले. वारं फिरवलं ते ‘पॅलेस पर्पल’ने. लंडनच्या क्यू उद्यानातून पुढे आलेल्या या जांभळ्या पानांच्या झाडाला १९९१ साली अमेरिकेतल्या पेरेनियल प्लँट असोसिएशनने वर्षाचं झाड म्हणून निवडलं. मागणी वाढली तसं ते बियांपासून सर्रास वाढवलं गेलं आणि जांभळ्या नावाखाली मळकट हिरवी रोपंही खपली. शिवाय कित्येक वर्षं ते मायक्रान्था या जातीच्या नावावर विकलं जात होतं. आता ते विलोसाच्या गटात धरतात. म्हणजे बाजार गाजवलेल्या झाडाच्या पाटीवरच कूळ चुकीचं होतं.

त्यानंतर ऊतिसंवर्धनामुळे नव्या वाणांचा पूर आला. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात डॅन हाइम्स यांच्या टेरा नोव्हा नर्सरीने ढिगाने रंग आणले. फ्रान्सच्या तिएरी देलाब्रुआ यांनी विलोसापासून ‘कॅरामेल’सारखे दणकट वाण दिले. डेलावेअरच्या माऊंट क्यूबा सेंटरने २०१२ ते २०१४ या काळात ८०हून अधिक ह्यूकेरा शेजारीशेजारी लावून पाहिले. तिथल्या दमट उन्हाळ्यात ‘सिट्रोनेल’सारखे विलोसाच्या वंशातले वाण उठून दिसले.

गड्डा वर सरकतो

कूळ कळलं की निगा आपोआप कळते. कपारीतल्या झाडाच्या मुळांशी पाणी साचत नाही, म्हणून बागेतही निचरा पहिला. माती भुसभुशीत, कुजलेल्या पालापाचोळ्याची, किंचित आम्ल ते उदासीन. हिवाळ्यातल्या थंडीपेक्षा हिवाळ्यातली ओल या झाडाला जास्त मारते. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली बहुतेक वाणांना मानवते. पिवळ्या पानांचे वाण दुपारच्या उन्हात करपतात, तर गडद जांभळे फार काळोखात फिके पडतात. मेपलची मुळं उथळ असतात आणि वरच्या थरातलं पाणी तीच पिऊन टाकतात. अशा ठिकाणी कुंडी बरी.

तीन-चार वर्षांचं रोप उपटून पाहावं. पानांच्या घेराखाली बोटाएवढं जाड, तपकिरी, लाकडासारखं खोड दिसतं आणि त्यावर झडलेल्या पानांच्या खुणा एकावर एक असतात. वरच्या टोकाला, पानांच्या लगेच खाली, नवी पांढुरकी मुळं फुटू पाहत असतात, पण तोवर ती मातीच्या वर आलेली असतात. झाड असं वर्षागणिक स्वतःला वर ढकलतं. त्यात जमीन गोठते-वितळते, तेव्हा अख्खा गड्डाच उचलला जातो. यावर उपाय सोपा आहे. वसंतात झाड काढावं, मुळं असलेले फुटवे हाताने सुटे करावेत, जुनं लाकूड टाकून द्यावं आणि नवी मुळं मातीत जातील इतपत खोल लावावं. डोकं मात्र मातीच्या पातळीवरच ठेवावं, कारण ते गाडलं तर कुजतं. आच्छादनही त्याच्यापासून दूर असावं.

भरपूर पाणी असताना झाड कोमेजलं आणि धरताच मुळांशिवाय हातात आलं, तर मातीत व्हाइन वीव्हिल भुंग्याच्या पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या शोधाव्यात. माती उबदार असताना, उन्हाळा सरताना, मित्र-सूत्रकृमी सोडले की त्या आटोक्यात येतात. पानामागे नारिंगी पुटकुळ्या आल्या तर तो तांबेरा. ती पानं काढून नष्ट करावीत आणि पाणी मुळाशीच द्यावं.

पुण्या-मुंबईच्या उकाड्यात ह्यूकेराचा हट्ट धरू नये. तिथली सावली रंगवायला कोलियस आणि कॅलॅडियम समर्थ आहेत. पण थंड प्रदेशात बाग असेल तर खरेदीच्या वेळी पाटी नीट वाचावी. दमट उन्हाळ्याला विलोसा, कडक हिवाळ्याच्या रानसावलीला अमेरिकाना, दगडांमधल्या कोरड्या उतारावर सँग्विनिया. पाटीवर नुसतं झगमगीत नाव असेल तर विक्रेत्याला मूळ जात विचारावी. नर्सऱ्यांनीही ती छापायलाच हवी, कारण तेवढ्या एका ओळीने हकनाक मरणारी कितीतरी रोपं वाचतील.