पादचाऱ्यासाठी उघडणारे बॉनेट आणि विमा

मोटारीची धडक पादचाऱ्याला आधी पायावर बसते. बंपर गुडघ्याच्या आसपास लागतो, शरीर बॉनेटवर कोसळते आणि डोके बॉनेटच्या मागच्या भागावर किंवा काचेच्या तळाशी आपटते. बॉनेटचा पत्रा तसा दबतो. जीव जातो तो त्याखालच्या कठीण इंजिनामुळे, कारण मध्ये पोकळीच नसते. ‘अ‍ॅक्टिव्ह बॉनेट’ ती पोकळी ऐनवेळी तयार करते. बंपरमधले सेन्सर धडक ओळखतात आणि डोके आदळण्यापूर्वी बॉनेटची मागची कड काही सेंटिमीटर वर उचलली जाते. २०१२च्या व्होल्वो व्ही४० मध्ये जोडीला काचेच्या खालच्या भागावर फुगणारी एअरबॅगही होती. तिचा उपयोग ताशी सुमारे २० ते ५० किलोमीटर वेगात होई, म्हणजे शहरातल्या नेहमीच्या वेगात. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते.

जखमी पादचाऱ्याची भरपाई थर्ड पार्टी विम्यातून मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. त्याहून अधिक हवे असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. माणसाच्या जिवापुढे ही रक्कम फारच अपुरी आहे.

उघडलेल्या बॉनेटचा खर्च मात्र थर्ड पार्टी विम्यात बसत नाही. स्फोटक दाबाने चालणारी यंत्रणा एकदाच काम करते. नंतर तिचे भाग बदलावेच लागतात. समोर कुत्रा आला असला तरीही, कारण बंपरला प्रत्येक वेळी फरक कळेलच असे नाही. हा खर्च ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या गाडीचे नुकसान) भाग असलेल्या पॉलिसीतच मागता येतो, आणि तिथेही घसारा कापला जातो: एअरबॅगवर ५० टक्के, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. पॉलिसीला ‘झिरो डेप’ (शून्य घसारा) हे जादा संरक्षण जोडलेले असेल तर ही कपात टळते.

जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर दुरुस्तीचे पूर्ण पैसे मालकाला भरावे लागतात. पैसे वाचवायला बॉनेट नुसते दाबून बसवले, तर गाडी दिसायला नीट दिसते, पण पुढच्या धडकेत ते वर उचलले जाणार नाही.